विकलेली सकाळ

तुफानने आपली सकाळ विकली ती भर दुपारी, फूलशेठच्या व्हरांड्यात बसून, फूलशेठच्याच घरचा चहा बशीत ओतून घेत. विकणं इतकं सोपं असतं हे त्याला माहीत नव्हतं. म्हैस विकायची तर तिचे दात दाखवावे लागतात, दूध काढून दाखवावं लागतं, आणि ती लाथ मारत नाही असं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघून सांगावं लागतं. सकाळीला ना दात, ना लाथ. शेठने नोटांची गड्डी पुढे केली, तुफानने ती सदऱ्याच्या आतल्या खिशात घातली, आणि उन्हाळाभराच्या सगळ्या सकाळी या घरून त्या घरी गेल्या.

"तुम्ही फक्त मान हलवा, तुफानराव," शेठ म्हणाला होता. "बाकी सगळं पाणी करतं."

तुफान हे नाव त्याच्या बापाने ठेवलेलं नव्हतं, गावाने ठेवलं होतं. एखादी कल्पना डोक्यात शिरली की हा माणूस भरल्या ताटावरून उठायचा. मागे त्याने ससे पाळले होते. सशांनी अख्खा वाफा उकरून पलीकडच्या शेतात संसार थाटला. मग मधमाश्या पाळल्या. माश्या राहायला त्याच्याकडे होत्या आणि मध शेजाऱ्याच्या झाडावर करत होत्या. पण या वेळची कल्पना वेगळी होती. वेळ ही वस्तू रोज फुकट घरपोच येते. तिला खत लागत नाही, राखण लागत नाही. आणि फुकट आलेली वस्तू विकणारा माणूस तोट्यात जाईलच कसा? घरी येताना तो जवळजवळ पळतच होता.

सकाळ म्हणजे पाण्याची पाळी. गावाच्या वरच्या अंगाला तळं होतं, तळ्यातून एक पाट निघाला होता आणि पाटाच्या तोंडाशी एक उंच दगडी खांब होता. खांबाच्या मावळतीच्या बाजूला जमिनीत लांब लांब अंतरावर दगड पुरलेले, घरटी एक. ऊन वर चढेल तसं खांबाच्या सावलीचं टोक आखडत यायचं आणि एकेका दगडावरून सरकायचं. सावली आपल्या दगडावर आली की आपली फळी उचलायची, पाणी आपल्या चारीत. सावली पुढच्या दगडाला पोचली की फळी खाली, पाणी पुढच्याचं. पाळ्या सांभाळणारा पाटकरीही घड्याळ विचारत नव्हता, कारण घड्याळाला किल्ली देता येते आणि सूर्याला देता येत नाही.

तुफानचा दगड पहिला होता. गार, भरपूर, न आटलेलं पाणी. त्यावर त्याची मिरची उभी होती आणि मिरचीवर घर. फूलशेठने दोन वर्षांपूर्वी शेजारची जमीन स्वस्तात घेतली आणि पांढऱ्या जाळीच्या शेडांमध्ये फुलं लावली, तेव्हा जमीन स्वस्त का होती हे त्याला कळलं: तिला दगडच नव्हता. खाली कातळ, वर ऊन. टँकरवर त्याने फुलं जगवली, पण या उन्हाळ्यात टँकरवाल्यानेही हात वर केले.

"सकाळ विकली म्हणजे?" बायकोने विचारलं. ती मिरचीच्या सरीत वाकून खुरपत होती, तशीच वाकलेली राहिली.

"म्हणजे पाळी. उन्हाळ्यापुरती. सकाळी लवकर उठायचं बंद! अगं, लोक वेळ वाचवायला पैसे देतात, आपल्याला वेळ घालवायचे पैसे मिळालेत."

"आणि मिरचीला काय पाजणार? तुमचा उत्साह?"

"मोटारसायकल!"

आता मात्र ती उभी राहिली. कंबरेवर हात ठेवून तिने आधी नवऱ्याकडे आणि मग आभाळाकडे बघितलं. दोन्हीकडे तिला काही दिसलं नाही.

"ऐकून तर घे. मोटारसायकल घ्यायची, मागे पिंप बांधायचा, नदीच्या डोहातून पाणी आणायचं. चार खेपा आणि मिरची न्हाऊन निघते. उरलेला दिवस आपला. तुला बाजाराला बसवून नेईन. चालायचं काम नाही."

बायको यावर काहीतरी जोरदार बोलणार होती. पण बाजारापर्यंतचा तो चढ, डोक्यावरची पाटी आणि टाचेला पडलेली भेग हे सगळं तिला एकदम आठवलं, आणि ती म्हणाली, "कुठल्या रंगाची?"

बांधावर कुदळीला दांडा बसवत बसलेले आबा, म्हणजे तुफानचे वडील, खाली बघूनच म्हणाले, "अरे, फळी कोण उचलणार?"

"शेठचा गडी उचलेल."

आबांनी दांड्यावर नुसती पाचर ठोकली. ते असे गप्प बसले की तुफानला ते हरले असं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना दार वाजलं. तुफान वीस वर्षांत प्रथमच उजाडल्यावरही झोपला होता आणि स्वप्नात मोटारसायकलवरून वळण घेत होता. दारात शेठचा मुकादम उभा. गळ्यात शिट्टी, हातात मोठं घड्याळ.

"चल, फळी उचल."

"तुम्ही उचला की. विकलीय मी."

"पाटकरी हात लावू देत नाही. म्हणतो, घरचाच हात पाहिजे."

तुफानने कपाळावर हात मारला. हा नियम तो पाळण्यातून ऐकत आला होता आणि विकायच्या उत्साहात नेमका विसरला होता. फळी ज्या चुलीची, त्याच चुलीवर जेवणाऱ्याने उचलायची. गडी चालत नाही, पाहुणा चालत नाही. जावई चालतो का यावर एकदा मोठं भांडण झालं होतं आणि तो जावई अजून सासरी येत नाही. सावली दगडावरून उतरेपर्यंत घरचा हात फळीला लागला नाही, तर त्या दिवसाची पाळी पुढच्या दगडाची. आणि लागोपाठ तीन दिवस चुकली तर कायमची. पुढचा दगड लोहाराचा होता.

तेव्हा तुफान उठला, तोंडावर पाणी मारलं आणि रोजच्याच वेळी, रोजच्याच वाटेने पाटावर गेला. फळी उचलली. पाणी त्याच्याच चारीतून, त्याच्याच मिरचीच्या बांधाला खेटून, तिच्याकडे ढुंकूनही न बघता, शेठने खणलेल्या नव्या चरातून पांढऱ्या शेडकडे निघून गेलं.

"आता आलाच आहेस," शेडच्या दाराशी शेठ म्हणाला. काल तो तुफानराव म्हणत होता. पैसे दिल्यापासून राव कमी झालं होतं. "माझा एक माणूस आजारी पडलाय. पाणी फिरवायला थांब. तासावर पैसे देतो. तुला वेळच वेळ आहे म्हणे."

तुफानचे डोळे चमकले. एकच सकाळ दोनदा विकली जात होती! असं भाग्य सशांच्या धंद्यातही लाभलं नव्हतं.

शेडमध्ये हवा दमट आणि जड होती, ओल्या घोंगडीत डोकं घातल्यासारखी. जाळीतून आलेलं ऊन पाठीवर बसायचं आणि उठायचं नाव घ्यायचं नाही. तुफान रबरी नळी धरून ओळीमागून ओळ फिरत होता. त्याचंच पाणी, त्याच्याच हातातल्या नळीतून, दुसऱ्याच्या फुलांना. फुलं सुंदर होती, पण ती खाता येत नव्हती, वाळवता येत नव्हती आणि शेठशिवाय कुणाला विकताही येत नव्हती. मुकादम शिट्टी मारायचा: आता चहा. पुन्हा शिट्टी: चहा संपला. तुफान बशीत ओतून प्यायचा, आणि बशी गार होईपर्यंत दुसरी शिट्टी व्हायची.

पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "मुकादम, किती वेळ झाला हो?"

"वेळ शेठचा आहे," मुकादम घड्याळ मुठीत झाकून म्हणाला. "तू कशाला विचारतोस?"

संध्याकाळी पैसे मिळाले. त्यांतून दोनदा शिंकल्याचे आणि एकदा बाहेर जाऊन मिरचीकडे बघत उभा राहिल्याचे कापले होते.

पण मोटारसायकल आली! लाल रंगाची, कुणाच्या तरी हाताखालून गेलेली, एका बाजूचा आरसा नसलेली. आठवडाभर तिच्याच आनंदात गेला. तुफानने बायकोला बाजाराला नेलं. जाताना ती एका हाताने सीट आणि एका हाताने त्याचा सदरा घट्ट धरून बसली होती आणि "हळू, हळू!" ओरडत होती. येताना ती ओरडली नाही. चढ लागला तेव्हा पायी निघालेल्या बायकांना मागे टाकताना तिने पदर जरा जास्तच ऐटीत सावरला. मोठी झालेली लेक गाडीच्या टाकीवर फडकं मारत म्हणाली, "बाबा, तुमची ही कल्पना चाललेली दिसते."

पिंपाने मात्र साथ दिली नाही. भरलेला पिंप मागे बांधून तुफान नदीवरून निघाला तेव्हा गाडीचं पुढचं चाक आभाळाकडे बघायला लागलं. त्याने पुढे वजन टाकलं, टाकीवर पोट टेकून, घोड्यावर आडवा झाल्यासारखा, गावापर्यंत आणली. गावात शिरताना खड्डा आला. गाडी खड्ड्यातून गेली, पिंप गेला नाही. तो दोरी सोडवून घेऊन उतारावरून घरंगळत निघाला, दोन कोंबड्या आणि एका सासूला बाजूला सारत थेट लोहाराच्या भट्टीत घुसला आणि तिथे रिकामा झाला. फस्सकन आवाज झाला. वाफेतून काळाभोर लोहार बाहेर आला.

"माझी भट्टी विझवायचे पैसे कुणाकडून घेतलेस?" त्याने विचारलं. "की हे फुकट होतं?"

त्यानंतर पाणी डोक्यावरूनच यायला लागलं. बायको, लेक आणि आबा नदीवर खेपा घालत. तुफान शेडमध्ये असे, कारण पेट्रोलला पैसे लागत आणि पैशाला शेड लागे. घागरीभर पाण्यात चार रोपांची तोंडं ओली होत. मिरचीची पानं दुपारी मिटायची ती संध्याकाळी उघडायची, मग उघडेनाशी झाली. बोटभर मिरच्या धरल्या होत्या, त्या सुरकुतायला लागल्या, पांढरी फुलं देठातून गळून सरीत पडली. बायकोच्या मानेची शीर आखडली. ती वळून बघायची तर सगळीच वळायची, दारासारखी.

एका सकाळी आबा घागरीसकट घसरले. तुफान जाळीतून बघत होता. म्हातारा खाली बसला, हाताने गुडघा दाबून, आणि सांडलेलं पाणी जमिनीत जिरताना बघत राहिला. लेक धावत आली. तुफान नळी टाकून दाराकडे निघाला आणि शिट्टी वाजली.

तो शिट्टीला थांबला. हे त्याचं त्यालाच पटलं नाही. माझे पाय थांबले, तो स्वतःशीच म्हणाला, मी म्हटलं नव्हतं थांबा म्हणून.

मग तो शेठच्या व्हरांड्यात गेला.

"शेठ, माझी मिरची जातीय. पाळीतलं थोडं पाणी द्या. सावली अर्ध्या वाटेत येईपर्यंतचं. तेवढ्यात भिजेल."

"देतो की!" शेठ दिलदारपणे म्हणाला. "आपण शेजारी. तासाचा भाव सांगू?"

त्याने भाव सांगितला. तुफानला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"मी तुम्हाला एवढ्याला नाही विकला तो तास."

"तू ठोक विकलास," शेठने समजावून सांगितलं. तो तसा वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त सगळ्याचा भाव माहीत होता. "मी किरकोळ विकतोय. आणि तू विकलास तेव्हा उन्हाळा एवढा तापला नव्हता. सकाळचा वेळ महाग असतो, तुफान. पगारातून कापून घेईन, हवं तर."

तुफानने हिशेब केला. दिवसभर शेडमध्ये पाठ भाजून जे मिळत होतं, त्यात त्याला त्याचीच सकाळ चहाच्या एका बशीएवढी परत मिळत होती. आणि ती बशी प्यायला तो तिथे नसणार होता, कारण तो शेडमध्ये असणार होता. त्याने पुन्हा हिशेब केला. पुन्हा तेच आलं. आणि मग, सदऱ्याखाली मुंगी शिरावी तशी, त्याच्या डोक्यात एक कल्पना शिरली.

दुसऱ्या सकाळी तो पाटावर गेला. फळीजवळ बसला आणि दोन्ही हात काखेत घातले.

सावली दगडावर आली. पाटकरी, एका डोळ्याने जरा तिरका बघणारा म्हातारा, काठी टेकून म्हणाला, "उचल."

"नाही उचलत."

मुकादमाची शिट्टी वाजली. तुफानचे पाय जरासे हलले, पण हात काखेतच राहिले. शेठ धापा टाकत आला, पायांत घरातल्या सपाता.

"हे काय चाललंय? पैसे मोजलेत मी!"

"वेळेचे," तुफान म्हणाला. "वेळ आहे की तुमचा. तो बघा, दगडावर पडलाय. घ्या. मी रोज उठून इथे येणं कुठे विकलंय? त्याचा भाव आपण ठरवलाच नाही."

"पाटकरीबुवा, काहीतरी सांगा!"

पाटकऱ्याने तिरक्या डोळ्याने दगडाकडे आणि सरळ डोळ्याने शेठकडे बघितलं. "त्यानं फळी उचलली तर पाणी तुमचं, कारण व्यवहार झालाय. उचलायची की नाही, हे त्याचं. हात कुणी विकत घेतलेले नाहीत. तीन दिवस उचलली नाही तर पाळी लोहाराची. मी काय, मी सावली बघतो."

सावली दगडावरून उतरली. लोहाराने आपली फळी उचलली, इतक्या उत्साहात की पँट गुडघ्यापर्यंत भिजली.

त्या दिवशी तुफान गावाचा नायक झाला. दुसऱ्या दिवशी पाटावर पंचवीस-तीस माणसं जमली. "माघार घ्यायची नाही!" लोहार ओरडत होता. "प्रश्न पाण्याचा नाही, माणसाच्या इज्जतीचा आहे!" त्याने तुफानसाठी चहा आणला होता, बशीसकट. तुफानला भरून आलं. सावली उतरली, लोहाराने आपली फळी उचलली, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आबा पाय लांब करून बसले होते, गुडघ्याला फडकं बांधून.

"अरे," ते म्हणाले, "लोहारानं तुला आजवर कधी चहा पाजलाय?"

तुफानच्या हातातला घास हातातच राहिला.

"उद्या तिसरा दिवस," आबा म्हणाले. "उचललीस तर पाणी शेठचं. नाही उचललीस तर लोहाराचं. आपलं कधी?"

"पैसे परत करा त्यांचे," बायको म्हणाली. मान वळत नव्हती म्हणून ती अख्खी त्याच्याकडे वळली. "घेतलेत ते द्या, आणि मग खुशाल भांडा. लोकांचे पैसे खिशात ठेवून कसली आलीय इज्जत?"

"पैसे कुठे आहेत? पैशांना चाकं लागलीत."

अंगणात गाडी उभी होती. थोड्या वेळाने बायको उठली, फडकं ओलं केलं, आणि गाडीच्या टाकीवरून, हँडलवरून, त्या एकुलत्या आरशावरून हळूहळू फिरवलं. आरशात तिने स्वतःला एकदा बघून घेतलं.

तिसऱ्या सकाळी पाटावर गाव लोटलं होतं. चावडीवर इतकी माणसं कधी जमली नव्हती. लोहार पहाटेपासून येऊन बसला होता. पँट आधीच दुमडलेली, खांद्यावर फावडं, कमरेला हातोडा. तुफान मोटारसायकलवरून आला, मागे बायको, आणि मागून लेकीच्या खांद्यावर हात टाकून लंगडत आबा. शेठ आधीच उभा होता. दोन दिवसांत तो शेडमधल्या फुलांसारखाच दिसायला लागला होता.

"तुफानराव," शेठ म्हणाला. राव परत आलं होतं. "दुप्पट देतो. तुमचं येणं पण विकत घेतो. उन्हाळाभर."

गर्दीत कुणीतरी शीळ घातली. सावली दगडाच्या कडेला लागली.

दुप्पट! तुफानच्या अंगात मुंग्या फिरल्या. दुप्पटीत काय काय होतं! दुसरा आरसा होता. छप्पर होतं. आबांच्या गुडघ्याचं औषध होतं.

"घेऊ नकोस!" लोहार ओरडला. "विकला जाऊ नकोस, तुफान!"

तुफानने बायकोकडे बघितलं. तिने फक्त आखडलेल्या मानेवर हात ठेवला. आणि त्याला आपले शिट्टीला थांबलेले पाय आठवले.

त्याने गाडीची किल्ली काढून शेठपुढे धरली.

"हे घ्या तुमचे पैसे. जरा फिरून आलेत. कमी भरले तर मिरची निघाल्यावर देतो. सकाळ परत द्या."

"मला भंगार नको! पाणी पाहिजे!"

"ते मिळणार नाही. तुम्ही किल्ली घेतलीत तर पाणी माझं. नाही घेतलीत तर मी बसून राहतो, आणि पाणी जन्मभर त्याचं." त्याने हनुवटीने लोहाराकडे दाखवलं.

सावली दगडाच्या मध्यावर आली. पाटाचं पाणी फळीला घासत होतं. शेठने लोहाराकडे बघितलं. लोहार फार भल्या माणसासारखा हसला. तो असा हसलेला गावाने आजवर बघितला नव्हता, आणि शेठने भाव ओळखायची सवय आयुष्यभर केली होती. लोहार उद्या तास कितीला विकेल?

सावलीचं टोक दगडाच्या पलीकडच्या कडेशी आलं. चार बोटं. तीन.

"आणा इकडं!" शेठने किल्ली ओढून घेतली.

"फळी!" पाटकरी ओरडला.

तुफानने झेप घेतली. दोन्ही हातांनी फळी धरली, ओढली, आणि फळी हलली नाही. दोन दिवस पाण्यात बसून लाकूड फुगलं होतं, खाचेत घट्ट रुतलं होतं. त्याने पाय रोवले, पुन्हा ओढली. हाताला शेवाळ लागलं, बोटं निसटली, तो पाठीवर पडला.

"हातोडा!" तो ओरडला. "लोहारदादा, हातोडा!"

लोहाराच्या कमरेला हातोडा होता. पण त्या क्षणी आपण तो कुठे ठेवलाय हे काही केल्या लोहाराला आठवेना. तो खिसे चाचपत राहिला.

एक बोट राहिलं होतं. बायको पाटात उतरली. पदर खोचून तिने तुफानच्या शेजारी फळी धरली. लेकीने उडी मारली, बांधावरचा धोंडा उचलला आणि फळीच्या बगलेवर घातला, एकदा, दोनदा. आबा गुडघ्यावर नाही तर पोटावर आडवे झाले आणि त्यांनी वरून हात लांब केला. घरचे आठही हात एका फळीवर होते.

"ओढ!"

फळी आधी किंचाळली. मग बाटलीचं बूच निघावं तशी निघाली, आणि चौघं चार दिशांना फेकले गेले. पाणी त्यांच्या अंगावरून चारीत घुसलं. सावली दगडावरून उतरली.

"घरचा हात," पाटकरी म्हणाला. "लागला. वेळेत."

गर्दी ओरडली. लोहाराला हातोडा सापडला.

बायको चिंब अंगाने पाण्याच्या पुढे धावत सुटली. शेताशी येऊन तिने फावड्याच्या दोन घावांत शेठचा चर बुजवला, तिसऱ्या घावात मिरचीचा बांध फोडला. पाणी पहिल्या सरीत शिरलं, तापलेल्या मातीने सुस्कारा सोडला, वाळकी पानं आणि काटक्या पाण्यावर तरंगत पुढे निघाल्या. तुफान सरीच्या टोकाला उकिडवा बसून पाण्याला "चल, चल" म्हणत होता.

शेठ बांधावर आला. हातात किल्ली, पायांत भिजलेल्या सपाता.

"माझी फुलं मरतील," तो म्हणाला. आवाजात भाव नव्हता, कुठलाच.

तुफानने वर बघितलं. उरलेली सरी, पुढच्या दगडापर्यंत उरलेली सावली. मिरची भिजून पाळीच्या शेवटी थोडं पाणी उरणार होतं.

"भाव सांगा," शेठ म्हणाला.

तुफानने तोंड उघडलं, पण बायकोने आधी सांगितलं. "पैसे नकोत. उरलेलं पाणी घ्या. पण मिरची तोडायला आली की तोडायला या."

"चार माणसं पाठवतो."

"घरच्या हातानं," ती म्हणाली.

मिरचीने धरलं. सगळ्या नाही; तिसरा हिस्सा गेला आणि दोन राहिले. तोडणीच्या सकाळी शेठ लाल मोटारसायकल ढकलत आला. ती त्याच्याकडे सुरू होत नव्हती. डोक्याला रुमाल, हातात नवी टोपली. एक ओळ त्याने फार उत्साहात तोडली. दुसऱ्या ओळीत त्याने घाम पुसायला हात डोळ्याला लावला आणि त्यानंतर बराच वेळ तो नुसता उभा राहून रडला. लेकीने त्याच्या डोळ्यांवर पाण्याचा हबका मारला. आबा बांधावर गुडघा उन्हात शेकत बसले होते. त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं, कारण हसू आवरत नव्हतं.

तिसऱ्या ओळीत शेठ कमरेवर हात ठेवून उभा राहिला. घड्याळ खिशात होतं आणि हात तिखट होते.

"किती वेळ झाला हो, तुफानराव?"

मुकादमाचं वाक्य तुफानच्या जिभेच्या टोकावर आलं. किती दिवस तो या प्रश्नाची वाट बघत होता! पण शेठचे डोळे लाल होते, नाक वाहत होतं, आणि टोपली निम्मी भरली होती. तुफानने ते वाक्य गिळलं आणि उन्हाकडे बघून खरं काय ते सांगितलं.

"थोडाच झालाय, शेठ. पाठीला जास्त वाटतो."

मग तो शेठच्या शेजारच्या सरीत शिरला आणि दोघं बरोबरीने तोडायला लागले. थोड्या वेळाने तुफानचे हात थांबले. डोळ्यांत ती जुनी चमक आली.

"शेठ, एक कल्पना आहे. तुमची फुलं, आमच्या माश्या..."

"अहो," पुढच्या ओळीतून बायको म्हणाली. आता तिची मान वळत होती. "आधी टोपली भरा."